माझ्यासाठी केलेली प्रार्थना

“हे प्रभू, आमच्या योसेफभाऊंवर दया कर! बायको गेल्यापासून त्यांना प्रार्थना करता येत नाही, चर्चमध्ये नुसते ओठ हलवतात!”

शांतवन डोळे मिटून ओरडत होता. आवाज असा, की चर्चची कौलं दोन बोटं वर उचलली गेली आणि शेजारच्या मळ्यातल्या म्हशींनी चारा सोडला. योसेफ म्हणजे मी. मंडळीतले चारशे डोळे मिटलेले होते, त्यातले तीनशे नव्व्याण्णव उघडले. उरलेल्या एकावर मोतीबिंदूची पट्टी होती.

आपला दुबळेपणा भावाजवळ उघडा करावा, असं आमचं पवित्र शास्त्र सांगतं. म्हणून तीस वर्षांची मैत्री असलेल्या शांतवनला मी विहिरीच्या कठड्यावर बसून ते सांगितलं होतं. पोरांनाही सांगितलं नव्हतं. पण आमच्या मंडळीत एक सोय आहे. चहाच्या टपरीवर जे बोलायला जीभ धजत नाही, ते प्रार्थनेत बिनदिक्कत बोलता येतं. प्रार्थना कुणी मध्येच तोडत नाही, तिच्यावर खुलासाही देता येत नाही. मान खाली घालून ती संपायची वाट बघायची. भावाजवळ जा म्हणणाऱ्या शास्त्रात, तो भाऊ ते घेऊन पुढे कुठे जाईल हे लिहायचं राहिलं की काय, असं मनात येतंय तोवर प्रार्थना संपली, आणि सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं “आमेन” मीच म्हणालो.

बाहेर चपला शोधताना मी त्याला गाठलं. “शांत्या, मी तुला एकट्याला सांगितलं होतं रे.”

त्यानं चपलेतली माती झटकली. “मग मी तरी कुणाला सांगितलं? देवालाच सांगितलं.”