आचाऱ्याचा डबा

गोंडपिपरी रस्त्यावरच्या ‘अस्सल घरगुती’ हॉटेलात आठ वर्षांपासून पार्बताबाईच मासोळी रांधायची. मालकाच्या हुकमानं रश्शात वाटीभर तेल अन् चिमूटभर लाल रंग. गिऱ्हाईकं म्हणत, “घरची आठवण आली!” कोणाच्या घरची, देव जाणे.

तिच्या डब्यात मात्र जवस वाटून लावलेली, अंबाडीची आंबट मासोळी असे. एकदा मागच्या दारी ती जेवत असताना नागपूरचा एक पाहुणा आला. भांडेवाली समजून त्यानं हौसेनं तिच्या डब्यातला घास मागून खाल्ला अन् तोंड वाकडं केलं.

“बाई, ना तर्री, ना झणका! इथल्या आचाऱ्याले विचारून घे ना जरा.”

पार्बताबाईनं बोटं चाटली.

“विचारलं ना जी. तोबी घरी हेच खाते.”