भोपाळला विचारणारे संगणक

राज्य नवं, राजधानी नवी, पण आमच्या सरकारी ऑफिसातले संगणक मात्र जुनेच, जुन्या राजधानीतून म्हणजे भोपाळहून ट्रकमध्ये घालून आणलेले. ते एकमेकांना जोडून द्यायचं काम माझ्याकडे. मी रायपूरच्या समता कॉलनीत एका खोलीत एकटा राहायचो, बायको नागपूरला माझ्या आईबाबांकडे. संध्याकाळी पीसीओवरून फोन लावला की तिचा एकच प्रश्न, "मले कधी नेता?" माझंही उत्तर ठरलेलं, "नेटवर्क चाललं की नोकरी पक्की. मग बाबांना विचारतो अन् नेतो."

नेटवर्क काही चालेना. बाजूच्या खोलीतल्या सर्व्हरला नंबरानं हाक मारली की तो लगेच ओ द्यायचा, नावानं मारली की ढिम्म. मी सगळ्या केबली बदलल्या, टेबलांखाली रांगलो. उंदरांना दोष दिला, झाडूला दिला, शेवटी रायपूरच्या विजेला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, "भैया, इससे तो टाइपराइटर भला था."

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून सेटिंग उघडली. आजवर तिला हातच लावला नव्हता. भोपाळच्या साहेब लोकांनी केलेली सेटिंग, ती चुकेल कशी? आता संगणकाला नाव कळत नाही, नंबर कळतो. कोणत्या नावाचा नंबर कोणता, हे त्याला नेम सर्व्हर सांगतो. तशी नावं आमच्या सर्व्हरवरही होती, पण आमच्या एकूण एक संगणकात पत्ता भोपाळच्याच नेम सर्व्हरचा! शेजारच्या खोलीत कोण बसलंय, हे बिचारे भोपाळला विचारून राहिले होते, अन् तिथून कोणी उत्तर देत नव्हतं.

पत्ता बदलला आणि सगळे घडाघडा बोलायला लागले. साहेब खूश, नोकरी पक्की. बाबूंनी समोसे मागवले. मी तोंडात समोसा कोंबून सगळ्यांना हसवत होतो, "काय बावळट यंत्रं हो! वेगळा संसार मांडला तरी जुन्या घरी विचारतात!"

संध्याकाळी फोन बाबांनी उचलला. मी छाती फुगवून सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मग बाबा, हिला इकडे आणू का? तुम्ही काय म्हणता?"

बाबा कडाडले, "अरे पोट्ट्या, बायको तुयी, खोली तुयी, पगार तुया, अन् मले काहून विचारून राहिला?" त्यांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

ती म्हणाली, "बॅग भरलेलीच आहे मायी. बाबा दिवाळीपासून म्हणून राहिले, पोट्टा न्यायले काहून येत नाही?"

शरमेनं माझे कान तापले. पण खरं सांगतो, आनंदही तितकाच झाला. बूथवाल्या भैयाकडे पाठ फिरवली आणि म्हणालो, "उद्याच्या गाडीनं येतो न्यायला." जिथं खरंच विचारायला हवं, त्या ऑफिसात रजा मात्र मागितली नव्हती.