हिरवा दिवा आणि हातभर दोरी

माझे धाकटे दीर एका डायलिसिस केंद्रात जनरेटर सांभाळत. एकतीस वर्षं. एवढ्या काळात माणूस एखादी तरी गोष्ट शिकतो. भाऊजी खुर्चीत ताठ बसून झोपायला शिकले. खिशाला तीन पेनं लावत, म्हणून नवखे लोक त्यांना इंजिनियर समजत. तिन्ही पेनं कोरडी होती. एकदा निरोप लिहायला मी एकेक करून मागून पाहिली आहेत.

वीज गेल्यावर जनरेटर चालू होईल आणि त्याला डिझेल पुरेल, एवढंच त्यांनी बघायचं होतं. डिझेलची मोठी टाकी मागच्या शेडमध्ये. ती गळली तर तेल बाहेर जाऊ नये म्हणून तिच्याभोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा हौद, आणि हौदाच्या तळाला बोटाएवढा सेन्सर. सेन्सर भिजला की भाऊजींच्या खोलीतला हिरवा दिवा लाल व्हायचा आणि भोंगा वाजायचा. शेड धुतली की पाणी हौदात उतरे आणि तेव्हाही भोंगा वाजे. मग हौदाची तोटी उघडून पाणी सोडायचं, तळ पुसायचा, तोटी घट्ट बंद करायची. पाव तासाचं काम. पण हा भोंगा नेमका जेवणानंतर वाजतो, अशी भाऊजींची तक्रार होती.

मग एकाएकी तो वाजायचा थांबला.

"बंदोबस्त केला," भाऊजी जेवताना म्हणाले. "डोकं लागतं वहिनी त्याला."

तेव्हापासून टाकीत काठी बुडवून तेल मोजणंही त्यांनी सोडलं. दिवा हिरवा असताना काठी कशाला? रजिस्टरमध्ये दर सोमवारी 'पाऊण टाकी' असं लिहून मोकळे. केंद्रातल्या मुली त्यांना पाठीमागे 'हिरवा दिवा' म्हणू लागल्या. त्यांच्या कानावर आलं, तर त्यांना तो मान वाटला.

त्याच केंद्रात आठवड्यातून तीनदा धाकटी, म्हणजे त्यांचीच बायको, चार-चार तास यंत्राला जोडलेली असे. तिची मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी गेली. अंगातलं रक्त नळीने बाहेर येणार, यंत्रातून गाळून परत जाणार. मधेच वीज गेली आणि जनरेटरने दगा दिला तर काय, हे नवऱ्याला समजावायची पाळी कुठल्या बाईवर येऊ नये. समजावूनही उपयोग झाला नाही, ते पुढे आलंच.

माझ्या रोजनिशीत सात तारखेला नोंद आहे: 'धाकटीने भाऊजींची पँट तिसऱ्यांदा भिजवली. वास जात नाही.'

"ताई, हे बघा," ती म्हणाली. "हाताला डिझेलचा वास नेहमीचाच. पण पँटचे काठ आणि मोजे? खाली सांडल्याशिवाय पायाला कसा येईल?"

भाऊजी दारात नखं कापत बसले होते. तिने विचारलं, "अहो, टाकी गळत नाही ना?"

"दिवा हिरवा आहे."

"पण वास येतोय."

"अगं, तुझ्या नाकापेक्षा तो सेन्सर महाग आहे."

स्वतःच्याच विनोदावर ते एवढे हसले की नखं सगळीकडे पसरली. ती तिनेच झाडली.

तेवीस तारखेला सकाळी अकरा वीसला वीज गेली. धाकटी यंत्रावर होती, मी शेजारच्या स्टुलावर. जनरेटर सुरू झाला, दिवे आले, आणि वीज जणू स्वतः विणून आणल्यासारखे भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले. बारा वाजायला पाच मिनिटं असताना जनरेटर खोकला आणि बंद पडला.

यंत्रं आपापल्या बॅटरीवर पिकपिक करू लागली. दोन सिस्टर पळत आल्या. त्यातल्या वयाने मोठ्या सिस्टरने धाकटीच्या यंत्राचं झाकण उघडलं, हँडल बसवलं आणि रक्त परत अंगात जावं म्हणून ते हाताने फिरवू लागली. तोंडाने आकडे मोजत, सावकाश. धाकटीचे ओठ पांढरे पडले होते. मी तिचा हात धरला. तो गार होता.

"पण दिवा हिरवा आहे हो," भाऊजी दारातून म्हणाले. त्या दिव्याला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे तो खरंच हिरवा होता.

"काका, बाजूला व्हा," सिस्टर म्हणाली. "उजेड अडतोय."

सगळ्यांचं रक्त परत गेलं. थोडक्यात निभावलं.

दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शेड उघडायला लावली. टाकी कोरडी ठाक, तळाच्या सांध्याला भेग. हौदाची तोटी उघडी. सगळं डिझेल गटारात गेलेलं. आणि सेन्सर तळापासून हातभर वर, निळ्या दोरीने टांगलेला. तो भिजणार कसा?

"बसवणाऱ्यांनीच तसा टांगलाय," भाऊजी म्हणाले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "मला कुणी काही समजावलंच नाही."

डॉक्टरीणबाई भल्या. त्या सेन्सरवाल्यांना फोन लावायला निघाल्या. म्हणजे भाऊजी पुन्हा त्याच खुर्चीत बसणार होते.

शेडकडच्या खिडकीशी धाकटी पलंगावर पडून हे ऐकत होती. "ती दोरी जरा दाखवा," ती म्हणाली.

दोरी आणली. तिने बोटांनी चाचपली.

"आमच्या गच्चीवरची आहे. कपडे वाळत घालायची. दोन महिन्यांपूर्वी हातभर कापली गेली, तेव्हा मी यांना विचारलं होतं. उंदरांनी नेली म्हणाले."

"अगं, घरातलं इथे कशाला?" भाऊजी पुटपुटले.

"मला परवा परत याच यंत्रावर झोपायचंय," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

आता भाऊजी केंद्रात चादरी मोजतात. त्याही चुकतात, पण चादर कमी पडल्याने कुणाचं रक्त नळीत अडकत नाही. जनरेटरवर आता एक बाई आली आहे. ती काठी बुडवते. सेन्सर पुन्हा तळाला गेला, आणि पाणी शिरलं की भोंगा बोंबलतो. मग धाकटीला यंत्रावर जरा डुलकी लागते.

गच्चीवरची दोरी हातभर तोकडीच आहे. नवी आणायचं काम भाऊजींकडे आहे, म्हणून त्यांचा शर्ट दाराच्या कडीला वाळतो.