माझ्या कार्डावर मिलो नेणारी

राहू गावातल्या आमच्या घरात चोरी झाली ती भर दुपारी. दुष्काळाचं वर्ष, घरी होतो ते सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलो. चोरानं कुलूप उचकटलं आणि पत्र्याची पेटी नेली. पेटीत माझी दोन लुगडी आणि घराचं रेशनकार्ड. मी लुगड्यांसाठी तीन दिवस रडले, कार्डाची आठवणसुद्धा झाली नाही. माझी अक्कल तेव्हा माहेरी, शिरूरलाच राहिली असावी.

घरात सहा तोंडं, आणि खायला फक्त रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. दुकानात धान्य आल्याचं कळलं तशी मी पिशवी घेऊन गेले, कार्ड चोरीला गेल्याचं सांगितलं. दुकानदारानं वही उघडली.

"परवाच नेलंय की तुम्ही."

"मी? मी तर कामावर हुते."

"कार्ड तुमच्याच घरचं. आन् बाई बी तुम्हीच. नाकापतुर पदर, मान खाली, तोंडातनं शब्द न्हाई. दुसरं कोण आसंल?"

यात त्याचं काय चुकलं? लग्नाला तीन वर्षं होऊनही गावात माझं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. बाकीच्या सुनांचा पदर कपाळापर्यंत, माझा नाकापर्यंत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चारचौघींत कौतुक करायच्या, की मी तो आणखी दोन बोटं खाली ओढायची. त्या नादात एकदा पाटलांच्या म्हशीला धडकले होते. दुकान चार वस्त्यांचं, बायकांची ही गर्दी. चोराच्या घरच्या बाईला माझ्यासारखं व्हायला लागलं काय, तर एक पदर.

आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. "आता ती बया दर म्हयन्याला येनार. आपुन काय खायाचं?"

मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे खडी फोडून धरलेले; नवरा पाटसच्या कारखान्यावर. त्यामुळे दौंडच्या कचेरीचे हेलपाटे माझ्या वाट्याला. पहिल्या खेपेला साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला पोलीस पाटलाचा दाखला नाही. तिसऱ्या खेपेला दाखला होता, तर ओळख पटवणारा माणूस हवा. दर खेपेला एक रोज बुडायचा आणि कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहून पायांत गोळे यायचे.

चौथ्या खेपेला शेजारचे शिंपीकाम करणारे चाचा सोबत आले. कारकुनानं विचारलं, "ह्या बाईंना ओळखता?"

"व्हय, शेजारची शिरूरवाली."

"नाव?"

"सगळी शिरूरवालीच म्हणत्यात, साहेब."

"चेहरा तरी पाहिलाय?"

"तोबा! चोळीचं माप हाय वहीत, ते बी आमच्या घरवालीनं घेतल्यालं. चेहऱ्याचं न्हाई."

"मग काय कार्डावर बाहीची लांबी लिहू?"

सगळी कचेरी हसली. मी पदर मागं घेतला. धाडस वगैरे काही नव्हतं, उगीच खोटं कशाला सांगू? पाचवी खेप करायचं त्राण उरलं नव्हतं, एवढंच.

"बघा चाचा. नीट बघून घ्या," मी म्हणाले, आणि माझं नाव मोठ्यानं सांगितलं. चाचांनी दोन क्षण पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "आता वळखतो. लिवा साहेब."

जुनं कार्ड रद्द झालं, नवं मिळालं. गावात उतरल्यावर मी तशीच दुकानात गेले. "हे तोंड बघून ठेवा. आमच्या घरचं म्हणून दुसरं कुणी आलं, तर मला बोलवायचं. मगच दाणा द्यायचा."

त्या महिन्याचा मिलो गेला तो गेलाच. आत्याबाईंनी भाकरी पातळ केल्या, मग अर्ध्या.

पुढच्या महिन्यात मी धान्य आणायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "आलती सकाळी. म्हनलं, बाई, जरा पदर वर करा. तशी रिकामी पिशवी घिऊन निघून गेली. कडंवर पोर हुतं."

मला आनंद व्हायला हवा होता. "बरं," म्हणाले, पिशवी डोक्यावर घेतली आणि घराकडे चालू लागले. मिलो दळायचा होता.