त्या वाळवंटात एकटा मी नव्हतो

पंधरा वर्षांपूर्वी इथल्या, नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. अमेरिकेतल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांतून अकरा दिवस एकट्याने केलेला प्रवास: भाड्याची गाडी, तंबू, लाल खडकांतली पायपीट. तो लेख खोटा आहे. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण ज्यांना ज्यांना हे सांगायला गेलो त्यांनी मला ते शेवटी, हळूच आणि जमलं तर विनोदाने सांगा असं सुचवलं.

प्रवास झाला होता. एकट्याने झाला नव्हता. गाडी बायकोने चालवली. मला गाडी येतच नाही. नेदरलँड्सला आल्यावर परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालो आणि मग सायकल असताना गाडी हवी कशाला, असं लोकांना ऐकवू लागलो. ती पहिल्या खेपेला पास झाली. ती इथे आली माझ्या व्हिसावर; सुरुवातीची वर्षं तिला नोकरी नव्हती, तेवढ्या काळात तिने डच भाषा आणि गाडी दोन्ही शिकून घेतल्या. अमेरिकेत कड्याच्या काठाने रस्ता निघाला की मी मांडीवर नकाशा पसरून डोळे मिटायचो.

"डावीकडे की उजवीकडे?" ती विचारायची.

"सरळ," मी डोळे न उघडता सांगायचो.

तंबू तिने ठोकला, स्टोव्ह तिने पेटवला. आणि लेखातला जो भाग लोकांना सर्वांत आवडला, तो दगडी कमानीपर्यंतचा एकट्याचा चढ, तीन तास वाटेत माणूस नाही, वर पोहोचल्यावरची शांतता, तोही तिचाच. उन्हं वर येताच मी एका खडकाच्या सावलीत बसलो आणि म्हणालो, "तू हो पुढे, मी येतोच." गेलो नाही. दुपारी ती परत आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते, चेहरा लालबुंद झाला होता आणि ती हसत होती. संध्याकाळी खिचडी ढवळता ढवळता तिने वाट कशी होती ते सांगितलं. मी ऐकलं, आणि सहा महिन्यांनी सगळं माझ्या नावावर घातलं.

त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. बेस्ट नावाच्या आमच्या डच गावात, आमच्या गल्लीत सकाळी सगळे इंजिनिअर सायकली काढून कामाला जायचे, बायको लायब्ररीत कामाला जायची, आणि मी खिडकीत उभा असायचो. अंकाचे तेव्हाचे संपादक म्हणाले, कुटुंबाच्या सहली पुष्कळ आल्यात, एकट्याचं काही असेल तर द्या. मी म्हणालो, आहे. हे कारण झालं. सबब म्हणून कुणी वाचू नये.

यापेक्षा वाईट पुढेच आहे. तो लेख टाइप तिने केला. मला मराठी टायपिंग येत नव्हतं. हाताने लिहिलेली पानं तिच्यापुढे ठेवली आणि चहा करायला आत गेलो, म्हणजे पळालो. कीबोर्डचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

"अहो," तिने हाक मारली. मी दारात येऊन उभा राहिलो. "इथे तुम्ही एक लिटर पाणी लिहिलंय. तीन होतं. एका लिटरवर परत आला नसतात."

"मग तीन कर," मी म्हणालो.

तिने तीन केलं. त्या लेखाबद्दल ती त्यानंतर एक शब्द बोलली नाही.

गणपतीत, पाडव्याला कुणीतरी पुण्याहून नव्याने आलेल्या जोडप्याला माझ्यापुढे आणून उभं करायचं. "हे काका एकटे वाळवंटात राहून आलेत बरं का." मी मान खाली घालायचो. लोक त्याला विनय समजायचे. बायको पलीकडे प्रसादाचे द्रोण मांडत असायची, आणि तिच्या हाताचा वेग जराही कमी व्हायचा नाही. मी बघायचो, म्हणून मला माहीत आहे.

यंदा माझ्या नातीने शाळेत माझ्यावर भाषण केलं. इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. तिने लाल खडकापुढे उभा असलेला माझा फोटो मोठा करून लावला होता. भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि बाईंनी साधा प्रश्न विचारला. ती घरी आली ती तोच प्रश्न घेऊन.

"आजोबा, हू टुक द फोटो? यू वेअर अलोन, ना?"

पंधरा वर्षं शे-दीडशे मोठ्या माणसांनी तो फोटो पाहिला होता. कुणी हे विचारलं नव्हतं.

"आजीने," मी म्हणालो.

"सो यू लाइड."

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. एरवी मी त्यावरून कुरकुर करतो. त्या दिवशी केली नाही.

त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की खरं काय ते लिहिणार, पण त्याआधी एकदा खरोखर एकटा जाऊन येणार. जे दुसऱ्याचं उचललं त्याचं वजन तरी बघावं म्हणून. अमेरिकेला जायची आता ताकद नाही, गरजही नाही. बेस्टपासून सायकलने दोन तासांवर, समुद्राचा पत्ता नसताना, नुसत्या वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे; इथले लोक त्याला कौतुकाने ब्राबांट प्रांताचं सहारा म्हणतात. आर्नहेम शहराच्या उत्तरेला, फेलुवेच्या जंगलात, तसंच दुसरं. बॅटरीवाली सायकल, तंबू, पाच दिवस.

मुलगी धावत आली. "बाबा, चौऱ्याहत्तर वय आहे तुमचं. आणि ही काय रोड ट्रिप आहे? सायकल आहे ती."

"रस्त्यावरूनच जाते ना?"

"निदान फोनचं लोकेशन तरी ऑन ठेवा."

"नाही ठेवणार."

"आई, तू सांग ना यांना."

बायको पोळ्या लाटत होती. "मी काय सांगू? ते एकदा जाऊन आलेत ना एकटे."

  पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या सामानाशेजारी तो जुना स्टोव्ह घासूनपुसून ठेवलेला होता.

पहिल्या मुक्कामी, वाळूच्या कडेला पाइनच्या झाडांतल्या छोट्या कॅम्पिंगवर, मला तंबू उभा करायला दोन तास लागले. जमीन इतकी भुसभुशीत की खुंट्या लोण्यात घातल्यासारख्या आत जायच्या आणि वारा आला की तशाच बाहेर. मग मला माझा स्वतःचा लेख आठवला. त्यात ही युक्ती होतीच: पिशव्यांत वाळू भरायची आणि तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधायच्या. मी सुपरमार्केटच्या चार पिशव्या भरल्या, दोऱ्या बांधल्या आणि ऐटीत बाजूला झालो. वाऱ्याने पिशव्यांसकट तंबू फरफटत नेला. पिशव्या हातभर खोल पुरायच्या असतात. ते मी लिहिलं नव्हतं, कारण बायको त्या पुरत होती तेव्हा मी गाडीत बसलो होतो.

शेजारच्या तंबूत माझ्याच वयाच्या एक डच बाई होत्या. त्यांनी तंबू पकडला, फावडं दिलं आणि विचारलं, "एकटेच आलात?"

"हो," मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणालो. "पहिल्यांदाच." आणि मग सगळं सांगून टाकलं. परक्या भाषेत लाज थोडी कमी वाटते; शब्दच कमी असतात.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "आणि बायको काय म्हणाली?"

"तिने टाइप केलं."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. "हे तुम्ही वाईट केलंत," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात कॉफी ओतली. इतकी वर्षं या माणसांच्या तोंडावर बोलण्याला मी उद्धटपणा म्हणत आलो. तेही मागे घेतो.

वाखनिंगनला छोट्या फेरीबोटीतून नदी ओलांडून तिसऱ्या दिवशी फेलुवेत पोहोचलो. चौथ्या दिवशी सकाळी पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन वाळूत शिरलो. मुद्दाम तीन. शंभर पावलांत पट्टे खांद्यात रुतले. वाळू पाय धरून ठेवत होती. दोन पावलं टाकावीत तेव्हा एक पुढे पडायचं. दोनदा बसलो. दोनदा परत फिरावंसं वाटलं. सावली होती, झाडंही होती, बसून राहिलो असतो तर विचारणारं कुणी नव्हतं. उठलो. दुपारच्या आत मधल्या उंचवट्यावर पोहोचलो. चारी बाजूंना वाळू, दूर जंगलाची काळी रेघ.

या क्षणाच्या शांततेवर मी दीड पान लिहिलं होतं. आत्मा, अनंत, सगळं होतं त्यात. प्रत्यक्षात वाऱ्याने कानात वाळू जात होती, गुडघा ठणकत होता आणि मला लघवीला लागली होती. तिथे उभं राहून पहिल्यांदा डोक्यात आलं की त्या संध्याकाळी तिने मला फक्त वाट सांगितली होती. वर गेल्यावर काय झालं ते सांगितलंच नव्हतं. ते दीड पान मी मनाने रचलं होतं, आणि तिने ते निमूटपणे टाइप केलं होतं.

परत आल्यावर मंडळाच्या आताच्या संपादिकेला फोन केला. चांगली मुलगी आहे. "काका, थोडं मजेशीर करूया का? 'माझी एक फजिती' असं काहीतरी?"

"फजिती नाही ती. चोरी आहे."

"पण लोकांना ती गोष्ट आवडते हो. आता कशाला उकरून काढायचं? मंडळाला बरं दिसणार नाही."

"छापलं नाहीत तर गणपतीत माइक घेऊन वाचेन. माइकच्या तारा कुठे जोडायच्या ते मला माहीत आहे."

म्हणून तुम्ही हे वाचताय. टाइप मी केलं आहे, एका बोटाने, नऊ दिवस लागले. बायको मदत करते म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

शेवटची पानं लिहायच्या आधी मात्र तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. "वर पोहोचल्यावर तू काय केलंस?"

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पंधरा वर्षं लागली विचारायला."

मग तिने सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मध्ये एकदा खूप हसली, आणि एकदा थांबून खिडकीबाहेर बघत राहिली.  सांगून झाल्यावर तिने चष्मा परत लावला.

"हे लिहायचं नाही," ती म्हणाली.

"नाही लिहिणार."

तेव्हा, तो जुना अंक कुणाकडे असेल तर त्यातलं शांततेचं दीड पान खोडून टाका. माझं नावही खोडा. तिथे खरं काय असायला हवं ते आता मला माहीत आहे, आणि माझ्याकडून ते कुणालाही मिळणार नाही.