दादांनी नको म्हटलेली बाटली

"दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले. आधी त्यांनी इंग्रजीत सांगितलं, क्रॉनिक रीनल फेल्युअर. मग माझं तोंड बघून मराठीत आले. लघवीवाटे जी घाण बाहेर पडायला हवी ती रक्तातच साठत होती. यंत्रातून रक्त गाळायची सोय मुंबईला, पण या वयात तिचाही भरवसा नव्हता. "आहेत ते दिवस घरी बरे जाऊ द्या."

दादा, म्हणजे माझे वडील, बाहेर बाकावर बसले होते. मंठ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मी हसत बाहेर आलो आणि सांगितलं, "मुतखडा हाय." चाळिशी उलटलेला मी, कापडाच्या दुकानात रोज विटका रंग पक्का म्हणून विकणारा. वाटलं, हेही खपलं.

आठ दिवसांनी मी पाय दाबत होतो तेव्हा दादा म्हणाले, "किसन, मुतखडा असता तर तू इतका चांगला वागला नसतास. खरं सांग."

मी सांगितलं, आणि रडलोही मीच. दादांनी मला पाणी दिलं.

ते दुष्काळाचं साल होतं. दादा माझ्याकडेच मस्तगडला राहायचे; तिथं आमच्या गल्लीत नळ कोरडा. माझी बायको कमल घागर घेऊन तासन्‌तास रांगेत. त्यात डॉक्टरांनी दादांना दिवसाला तीनच पेले पाणी बांधून दिलेलं, कारण किडनी पाणी बाहेर टाकेना आणि जास्तीचं फुप्फुसात उतरतं. दादा म्हणायचे, "गावाचं पाणी आभाळानं तोडलं, माझं डॉक्टरनं. बराबरी झाली."

खरं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. "ऐक. मला औरंगाबाद न्हाई, मुंबई न्हाई. शुद्ध गेली तरी सलाईन लावायचं न्हाई. ओठ कोरडे पडले तर कापसानं ओले कर. शेवटी बुद्धाचं त्रिसरण म्हण, पण जोरात. तू पुटपुटतोस. आता सांग, काय सांगितलं?"

मी पाठ म्हणून दाखवलं. डॉक्टरांच्याही कानावर घातलं. ते म्हणाले, "आता तुम्ही तेवढे पक्के राहा."

"बिलकुल!" मी छाती काढून म्हणालो.

दोन महिन्यांनी दादांना झापड येऊ लागली. डॉक्टर म्हणाले युरेमिया, म्हणजे ती घाण आता मेंदूवर चढली. खबर मंठ्याला गेली आणि दुपारच्या एसटीनं आत्या, दादांची धाकटी बहीण, चार माणसं घेऊन आली.

"कोरडाच मारून राह्यलास का रं माझ्या भावाला? सलाईन तरी लाव! लोक तोंडात शेण घालतील."

"आत्या, दादांनीच नको म्हटलंय."

"त्यो मास्तर हाय, त्यो कायबी म्हनंल. तुला अक्कल न्हाई का?"

चुलीपासून कमल हळूच म्हणाली, "शब्द दिलाय तुम्ही."

मी कमलकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि चपला घालून ओळखीच्या कंपाउंडरला आणायला निघालो. त्याला दुखणंही खरं सांगितलं नाही. "अशक्तपणा आहे," म्हणालो.

दादांचा कोट काढून त्या खुंटीला काचेची बाटली टांगली. थेंब पडू लागले तशी मंडळी निवांत झाली. चहा झाला. मलाही वाटलं, आपण काहीतरी करून राह्यलो.

अर्धी बाटली गेली आणि दादांच्या छातीत घुरघुर सुरू झाली. मी डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी येऊन सुई काढली, दादांना उशांना टेकवून बसवलं. "हेच तर नको होतं," एवढंच बोलले.

दादांनी डोळे उघडले. खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. बोलता येत नव्हतं. मी कापूस भिजवून ओठांना लावत राहिलो. तेवढंच हातात उरलं होतं. दोन दिवस ती घुरघुर थांबली नाही. तिसऱ्या सकाळी मी जोरात त्रिसरण म्हणत असताना दादा गेले.

मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जाणार तर होतेच. हे दोन दिवस तेवढे सोपे गेले असते."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगायची, "किसननं काही कमी केलं न्हाई. सलाईनसुदिक लावलं." मी मान खाली घालून बसायचो. लोकांना वाटायचं, विनय.

तुमच्या घरी असं दुखणं असेल तर माणूस बोलतोय तोवर विचारून घ्या. आणि एकट्यानं ऐकू नका. दादांचं चुकलं ते एवढंच: घरातल्या सगळ्यात मऊ माणसाला गाठून सांगितलं. जी ओरडणार आहेत, त्यांना आधी बोलवा. त्या डॉक्टरांचे मात्र उपकार. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही.

परवा मी मंठ्याला गेलो आणि आत्याला दादांचं सगळं सांगितलं, बाटलीनं काय केलं त्यासकट. मलाही तसलं काही लावायचं नाही, हेही सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"मला म्हाईत न्हवतं रं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आता माझं ऐक. मला मात्र लाव. दोन लाव. कुनी कितीबी शहाणपन शिकवू दे."

मी पाठ म्हणून दाखवलं.