दारात आलेल्याला पाणी

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. आमचं गाव मुरुडच्या अलीकडे. आड आटला होता. लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर नंबर लावला की दोन घागरी मिळायच्या, त्यात सगळं घर. अशातच निवडणूक आली.

सासू तापानं बाजेवर पडून होती. पण तिचा एक हेका होता, दारात आलेल्याला पाण्यावाचून जाऊ द्यायचं नाही.

सकाळी एका पक्षाच्या बायका आल्या. मला कुंकू लावलं, सासूच्या पाया पडल्या, पाणी प्यायल्या. दुपारी दुसऱ्या पक्षाची जीप आली. उमेदवार स्वतः उतरला आणि थेट बाजेपाशी बसला.

"आजी, वळखलं का?"

"मताला आलास म्हंजे पुढारी असशील."

सोबतची माणसं हसली.

"आता जिल्हा आपला झालाय. कलेक्टर उशाला हाय तुमच्या."

"उशाला पाणी असतं तर बरं झालं असतं."

"दारात नळ आणतो, आजी. शिक्का तेवढा आमच्यावर मारा."

सासू मला म्हणाली, "पाणी दे समद्यांना."

मी वाकून म्हटलं, "आत्या, तळाला उरलंय. तुमच्यासाठी ठेवलंय."

"तेच दे. घराची लाज काढू नको."

दिलं. शेवटच्यानं दोन घोट घेतले, चूळ भरून अंगणात टाकली आणि उरलेलं तोंडावर मारलं.

"अहो, प्यायचं पाणी हाय ते!"

"काकू, नळ येणारच हाय की!"

सासूनं माझ्यावरच डोळे वटारले.

जीप गेली आणि तिनं पाणी मागितलं. शेजारणीची घागरही पालथी होती. शेजारणीला बाजेपाशी बसवून मी विहिरीवर गेले. परत आले तर शेजारीण दारातच म्हणाली, "गेली गं." तरी मी तोंडात पाणी घातलं. ते गालावरून उशीवर आलं.

तहानेनं मेली असं मी म्हणत नाही. ताप होता, वय होतं. पण पाणी मागत गेली.

दहावा-तेरावा व्हायच्या आत उमेदवार भेटायला आला. "लई मोठ्या मनाची माउली," म्हणाला. मग जरा थांबून, "मतदानाला मात्र या."

घागर भरलेली होती, माझ्या पाठीशीच. त्यानं दोनदा तिकडं बघितलं. मी उठले नाही. तो तसाच गेला.

सासू असती तर मला लई बोलली असती.